आफ्रिकेचा काजू, मदतीची गोणी: परदेशी पैशानं भलं झालं की वाटोळं?

काजूगर

मंडळी, आमचं सावंतवाडीजवळ काजू फोडायचं छोटं युनिट आहे. बाया चौदा, कटर सहा, एक बॉयलर, एक ड्रायर. गावठी बी उन्हाळ्यात भरून ठेवतो, ती पावसाळा कशीबशी काढते. दिवाळीनंतर मात्र आफ्रिकेची बी घ्यावीच लागते. मंगळूरचा व्यापारी पाठवतो, ८० किलोची तागाची पोती.

परवा एक पोतं उसवलं तर आतून ठिगळ. पांढऱ्या प्लास्टिकच्या गोणीचा हातभर तुकडा, सुतळीनं जाड टाके घालून शिवलेला. त्यावर निळ्या अक्षरांत अर्धंमुर्धं इंग्रजी उरलेलं. 'विक्रीसाठी नाही' एवढं लागलं. म्हणजे कधीकाळी त्या गोणीतून मदतीचा मका नाहीतर तांदूळ आला असणार. मका खाऊन झाला, गोणी फाटली, आणि तिचं ठिगळ विक्रीच्या मालाला लागून माझ्याकडे आलं.

बी मोझांबिकची. मग मी वाचत बसलो, आणि जे कळलं त्यानं चैन पडेना, म्हणून हा धागा.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक जगात काजूत पहिल्या नंबरावर होतं. १९७५ ला पोर्तुगीज गेले. मग १९७७ ते १९९२ यादवी युद्ध. बागा जळल्या, झाडं म्हातारी झाली, माणसं गाव सोडून गेली. युद्ध संपलं तेव्हा देश अक्षरशः मदतीवर जगत होता. सरकारनं मोडकळीला आलेले काजू कारखाने खाजगी लोकांना विकले. ते जरा उभे राहतायत तोच जागतिक बँकेनं सांगितलं की कच्च्या बियेवरचं निर्यात शुल्क उतरवा, नाहीतर पुढचं कर्ज विसरा.

बँकेचं म्हणणं अगदीच खुळं नव्हतं, हे मी कारखानदार असूनही कबूल करतो. निर्यातीवर शुल्क असलं की बी देशातच पडून राहते, कारखान्याला स्वस्त मिळते, आणि त्याचा भुर्दंड शेतकऱ्याला. शुल्क काढा, शेतकऱ्याला दर मिळेल, असा हिशेब. शुल्क उतरलं. बी जहाजात चढली आणि थेट भारतात आली. २००० च्या आसपास तिथले बहुतेक मोठे कारखाने बंद, हजारो कामगार घरी, त्यात बायाही पुष्कळ. आणि शेतकऱ्याला काय मिळालं? डॅनी रॉड्रिक या अर्थतज्ज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला. काजू लावणाऱ्या सरासरी कुटुंबाच्या पदरात वर्षाला फार तर ५.३० डॉलर. बाकीचं मधल्यामध्ये व्यापाऱ्यांनी खाल्लं.

म्हणजे तिथल्या बायांच्या हातातलं काम माझ्याकडच्या बायांच्या हातात आलं. मी कुणाचं काही चोरलं नाही, पण ठिगळ बघून घास अडकला खरा.

तर प्रश्न असा: आफ्रिका मागे राहिली त्याला कारण काय? आणि ही परदेशी मदत औषध होती की दुखणं?

कडू कारलं

आलं, गोऱ्या माणसावर खापर फोडणारं आणखी एक कीर्तन आलं. काका, पोर्तुगीज जाऊन ५० वर्षं झाली. दीडशे वर्षं इंग्रज आमच्याही छातीवर होते, आम्ही अजून रडतोय का? (बरं, रडतो. पण काम करून रडतो.)

काँगोचा मोबुटू बघा. १९६५ ते १९९७ सत्तेवर. जंगलात गबाडोलिटे नावाच्या आपल्या गावी राजवाडा बांधला आणि कॉनकॉर्ड विमान उतरेल एवढी धावपट्टी केली. देशात रस्ते नाहीत, आणि साहेबांच्या गावात कॉनकॉर्ड. नायजेरियाचा हुकूमशहा अबाचा, त्यानं लाटलेल्या पैशांपैकी जवळपास शंभर कोटी डॉलर एकट्या स्वित्झर्लंडनं परत केले. परत केले ते एवढे, मग नेले किती असतील? फुकटचं खायची सवय लागली की हे असंच होतं. हे मी म्हणत नाही, अर्थतज्ज्ञ डंबिसा मोयो म्हणते, आणि ती स्वतः झांबियाची आहे.

मांडवीकाठ

अवांतर, पण राहवत नाही. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याहूनच चालायचा. काजूही पोर्तुगीजांनीच ब्राझीलमधून दोन्हीकडे आणला, 'काजू' शब्दही त्यांच्याकडूनच आला. आणि हो, मोझांबिकचे गुलाम गोव्यात विकले जायचे. लुटीचा हिशेब मांडायचाच तर आपला किनाराही त्यात येतो, एवढं लक्षात असू द्या.

पायरीवरची

वाचतेय. शेंगदाणे घेऊन बसले आहे.

अर्थहीन

कारलं, तुमच्या मोबुटूपासूनच सुरू करू.

काँगो आधी बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाची खाजगी मालमत्ता होता, १८८५ ते १९०८. देशाची वसाहत नाही, एका माणसाची मालमत्ता. रबर कमी आलं की हात तोडायचे, अशी ती व्यवस्था. पुढे बेल्जियम सरकारनं ताबा घेतला. ३० जून १९६० ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा अख्ख्या देशात काँगोली पदवीधर तीसही नव्हते. आपल्याकडे १९४७ ला मुंबई विद्यापीठालाच नव्वद वर्षं झाली होती. दीडशे वर्षं इंग्रज तुमच्याही छातीवर होते, मान्य, पण तुमच्याकडे कारकून, वकील, मामलेदार, रेल्वेचा गार्ड, गिरणीमालक सगळे देशी होते. तिथे यंत्र होतं, ते चालवणारा माणूस घडूच दिला नव्हता.

मग निवडून आलेला पंतप्रधान लुमुंबा सहा-सात महिन्यांत, जानेवारी १९६१ ला, मारला गेला. मोबुटू आला, आणि त्याला इतकी वर्षं पैसा कोण पुरवत होतं? अमेरिका, फ्रान्स, बेल्जियम, जागतिक बँक, नाणेनिधी. तो चोर आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तो कम्युनिस्टांच्या विरोधात होता, आणि काँगोत तांबं आणि कोबाल्ट होतं. त्या पैशाला मदत म्हणायचं असेल तर म्हणा. ती पगारदार चौकीदाराची बिदागी होती. शीतयुद्ध संपल्यावर बिदागीही आटली.

दुसरं, 'आफ्रिका' असं एक काही नाही हो. ५४ देश. त्यातल्या १६ देशांना समुद्रच नाही. चाड किंवा नायजरचा माल बंदराला जायचा म्हणजे दुसऱ्याच्या देशातून, प्रत्येक नाक्यावर हात पसरलेला. वसाहतीतली रेल्वे नकाशावर काढून बघा, खाणीतून निघते आणि बंदरात बुडते. शेजारच्या देशाला जोडणारी कमीच. नद्याही तशाच. काँगो नदी आत हजारभर मैल नौका चालेल अशी, पण समुद्राजवळ येता येता धबधबे आणि खडक. समुद्रातून शिरलेलं जहाज थोडं आत गेलं की अडकतं.

आणि मदतीचा आकडा सांगताना दुसरा आकडाही सांगा. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार परिषदेनं मांडलेला. आफ्रिकेतून वर्षाला ८८.६ अब्ज डॉलर बेकायदा बाहेर जातात. खोटी बिलं, कर चुकवणं, मालाची किंमत कमी दाखवणं. मदत म्हणून जेवढं आत येतं त्याहून हे जास्त आहे. म्हणजे घागरीत ओतणाऱ्याचं कौतुक चाललंय आणि तळाचं भोक कुणी बघत नाही. ते भोक पाडणारे स्थानिक साहेब आणि परदेशी कंपन्या, दोघे मिळून.

कडू कारलं

म्हणजे चोर आमचाच, पण पोलिसाचा दोष. चालू द्या.

लुसाकावाली

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी झांबियात नऊ वर्षं काढली, लुसाका आणि मध्ये थोडं कित्वे. पुस्तकातलं अर्थहीन सांगतील, मी बाजारातलं सांगते.

तिथे जुन्या कपड्यांना 'सलाउला' म्हणतात. बेम्बा भाषेत ढिगातून उपसून निवडणे. आपल्या बोहारणी डोळ्यांपुढे आणा, फक्त उलटा प्रवास. युरोप-अमेरिकेत लोक दान म्हणून जे कपडे पेटीत टाकतात, त्यांचे गठ्ठे बांधून इकडे येतात आणि विकले जातात. दान देणाऱ्याला पत्ताच नसतो की आपलं दान किलोवर विकलं जातंय. बाईनं गठ्ठा फोडला की भोवती झुंबड. वरचा माल पहिल्या तासात जातो, खाली उरतात ताणलेले स्वेटर. गठ्ठा आंधळेपणी घ्यायचा असतो, त्यामुळे कधी बाईचं नशीब उघडतं, कधी भांडवल बुडतं. माझ्याकडे कामाला येणारी मावशी हाच धंदा करायची आणि त्यावर तिनं दोन मुली शिकवल्या. म्हणून मी सलाउलाला सरसकट शिव्या देत नाही.

पण त्याच सलाउलानं तिथल्या कापड गिरण्या खाल्ल्या. १९९१ नंतर बाजार एकदम उघडला, आणि काब्वेची चीनच्या मदतीनं बांधलेली मोठी गिरणीसुद्धा शेवटी बंद पडली. कपाशी पिकते, सूत निघत नाही. पुढे रवांडानं जुन्या कपड्यांवर कर वाढवला तर अमेरिकेनं २०१८ मध्ये त्यांच्या कपड्यांची करसवलतच काढून घेतली. एका हातानं मदत आणि दुसऱ्या हातानं कान.

तांब्याचं काय झालं तेही सांगते. १९६४ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा झांबिया गरीब देश नव्हता. पदवीधर शंभराच्या आसपास असतील, पण तांब्याला भाव होता. पहिले राष्ट्राध्यक्ष कौंडा यांनी शाळा, दवाखाने काढले, खाणी सरकारी केल्या. १९७५ च्या सुमारास तांब्याचा भाव कोसळला. सगळ्यांना वाटलं, वर्षा-दोन वर्षांत चढेल, तोवर कर्ज काढू. चढलाच नाही. कर्जावर कर्ज, मग नाणेनिधीच्या अटी. डिसेंबर १९८६ मध्ये मक्याच्या पिठावरची सबसिडी काढली. तिथे मक्याचं पीठ म्हणजे न्शिमा, म्हणजे आपली भाकरी. तांबेपट्ट्यात दंगली झाल्या, माणसं मेली, आणि कौंडांना निर्णय मागे घ्यावा लागला. २००५ मध्ये बरंचसं कर्ज माफ झालं. मग पुन्हा घेतलं, यावेळी रोखे काढून आणि चीनकडून, आणि नोव्हेंबर २०२० ला हप्ता चुकवला.

कारलं, यात आळशी कोण ते सांगा. माझी मावशी पहाटे चारला उठायची.

बांद्याचो बाबल

काजूगरानु, तुमचा लिवणा वाचून डोळ्यांत पानी इला. पन माका एक सांगा. तुमका आफ्रिकेची बी स्वस्त गावता, म्हणान आमच्या बियेक दर नाय. मोझांबिकच्या बायांचा काम गेला ता वायट झाला. पन हय आमचो बागायतदार बुडता ता कोन लिवतलो? आयात शुल्क वाडवा म्हणान आमी बोंबलतोंव आनि तुमी कारखानदार दिल्लीक जावन सांगतास, वाडवू नकात.

पायरीवरची

बाबल यांनी सामना फिरवला.

गोळीबार

(नाव भीतीदायक आहे, पण मी फक्त गोळ्या-औषधांतला माणूस. निवृत्त.)

मदतीनं वाटोळंच झालं म्हणणाऱ्यांनी एड्सचा इतिहास काढून बघावा. २००० साली एका रुग्णाच्या तिन्ही औषधांचा वर्षाचा खर्च १० ते १५ हजार डॉलर होता. आफ्रिकेत गावंच्या गावं रिकामी होत होती, शेतं म्हाताऱ्या आज्या करत होत्या, मधली पिढीच गेलेली. फेब्रुवारी २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्लाचे युसूफ हमीद यांनी जाहीर केलं, वर्षाला ३५० डॉलरमध्ये देतो. म्हणजे दिवसाला डॉलरहूनही कमी. बड्या कंपन्यांचं तोंड उतरलं. पण ३५० डॉलर तरी मलावीतला मजूर कुठून आणणार? तिथे मदतीचा पैसा लागला. एड्ससारख्या रोगांसाठीचा जागतिक निधी, आणि २००३ पासून अमेरिकेच्या बुश यांची योजना. मी बुश यांचा चाहता नाही, इराक विसरलेलो नाही, पण या एका कामानं लाखो लोक जिवंत राहिले, हे नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल.

दुसरं उदाहरण पुण्याचं. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत एक पट्टा आहे. कोरडी धुळीची हवा सुटली की मेंदुज्वराची साथ येते. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाख आजारी, २५ हजार मेले. त्या देशांच्या लोकांनी साफ सांगितलं की आमच्या उपयोगाची लस हवी तर ती अर्ध्या डॉलरच्या आत हवी, नाहीतर बोलूच नका. मोठ्या कंपन्यांना त्यात रस नव्हता. गेट्स फाउंडेशननं ७ कोटी डॉलर दिले, लस बनवली पुण्याच्या सिरमनं. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत सुरुवात झाली. चार दिवस ४० अंशांत, बर्फाशिवाय राहिली तरी चालते अशी लस. ज्यानं उन्हात बर्फाची पेटी डोक्यावर घेऊन पायपीट केलीय त्यालाच याची किंमत कळेल. ही लस ज्या जातीच्या मेंदुज्वरावर होती त्याचं त्या पट्ट्यातून जवळपास उच्चाटन झालं.

आणि २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेनं एका सहीनं मदत थांबवली तेव्हा दवाखान्यांना रातोरात कुलपं लागली. आफ्रिकेच्या सरकारांनी वीस वर्षांत ती औषधं स्वतःच्या अंदाजपत्रकात का घेतली नाहीत, हा प्रश्न मात्र मलाही छळतो.

तिरकस

सिप्ला-सिरमचं कौतुक रास्त. फक्त २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे दुसरी लाट आली आणि आफ्रिकेच्या वाट्याच्या कोविड लशींची निर्यात आपणच अडवली, तेही याच वहीत लिहा.

गोळीबार

लिहिलं.

मिलोची भाकरी

मी मूळचा बीडकडचा, आता सत्तरीचा. बहात्तरच्या दुष्काळात मी कॉलेज सोडून खडी फोडायला गेलो होतो. परदेशी मदत काय चीज असते ते आम्ही खाल्लंय. मिलो म्हणजे ती अमेरिकेची लाल ज्वारी. भाकरी थापायला गेलं की तडकायची, घशाखाली उतरायची नाही. पोरांना सुकडी. 'डुकराचं खाणं आम्हाला घातलं' असं लोक चिडून म्हणायचे आणि दुसरा तुकडा मोडायचे. काँग्रेस गवतही अमेरिकेच्या गव्हातून आलं असं आमच्याकडे म्हणतात. खरं-खोटं तज्ज्ञ जाणोत.

पण त्या दुष्काळानं आपल्याला एक दुसरी गोष्ट दिली, रोजगार हमी. वि. स. पागे यांचं डोकं. त्याचा पैसा कुठून आला? व्यवसाय करातून. मुंबईच्या बँकेतल्या कारकुनाच्या पगारपत्रकात आजही तो कापलेला दिसतो. म्हणजे मुंबईच्या कारकुनाच्या पैशावर बीडचा मजूर तगला. त्यामुळे काय झालं, काम निघालं नाही की आम्ही तहसील कचेरीवर मोर्चा न्यायचो, आणि आमदाराला विधानसभेत तोंड द्यावं लागायचं. पैसा वॉशिंग्टनहून आला असता तर मोर्चा कुठे नेला असता?

ज्या सरकारचा निम्मा खर्च परदेशातून येतो ते सरकार परदेशी साहेबाला हिशेब देतं, गावाला नाही. मला आफ्रिकेतलं फार कळत नाही, पण हे दुखणं ओळखू येतं.

काजूगर

मिलोकाका, दंडवत. मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही खडी फोडून सांगितलंत.

माझं मत आता असं होत चाललंय की मदत द्यावी की न द्यावी हा वादच बाजूला ठेवावा. सुकाणू कुणाच्या हातात होतं ते बघावं. लस अर्ध्या डॉलरच्या आत हवी हे आफ्रिकेनं सांगितलं, काम झालं. मलावीत २००२ ला उपासमार झाली. मदत देणारे म्हणत होते, खतावर सबसिडी देऊ नका. २००५ ला सरकारनं त्यांचं न ऐकता खत दिलं आणि पुढच्या हंगामात मक्याचं भरघोस पीक आलं. उलट केनियात तुर्काना सरोवराकाठी नॉर्वेनं मासे गोठवायचा कारखाना बांधून दिला. तुर्काना लोक गुरं राखणारे. कारखाना जेमतेम काही दिवस चालला. तिथल्या एका म्हाताऱ्याला कुणी विचारलं असतं तर पैसे वाचले असते.

आणि बोट्स्वाना. १९६६ ला स्वतंत्र झाला तेव्हा अख्ख्या देशात डांबरी रस्ता १२ किलोमीटर, सरकारचा खर्च ब्रिटिश अनुदानावर. वर्षभरात हिरे सापडले. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांनी डी बिअर्सबरोबर घासाघीस करून पुढे निम्मी भागीदारी मिळवली आणि पैसा शाळा-रस्त्यांत घातला. मदत घेतली, पण आपल्या योजनेत बसेल तेवढीच.

अर्थहीन

काजूगर, उदाहरणं सोयीची निवडलीत. सुकाणू मोबुटूच्याही हातातच होतं की. त्यानं होडी गबाडोलिटेला नेली. मलावीचंही पुढे काय झालं? २०१३ मध्ये सरकारी तिजोरीतूनच पैसे गेले, त्यांनी त्याला 'कॅशगेट' नाव दिलं, आणि देणाऱ्यांनी मदत रोखली. नाही रोखायची तर काय करायचं? आणि बोट्स्वाना आजही हिऱ्यावरच उभा आहे. प्रयोगशाळेतला हिरा आल्यापासून सुरतेत जशी रड आहे तशी तिथेही.

'देशाच्या हातात' म्हणजे देशातल्या कुणाच्या हातात, हे सांगितल्याशिवाय तुमचं सूत्र लंगडं आहे.

कडू कारलं

अर्थहीनशी सहमत व्हायची वेळ आली. तारीख लिहून ठेवा.

काजूगर

अर्थहीन, मुद्दा मान्य. उत्तर नाही माझ्याकडे. मोझांबिकमध्येही शेतकरी आणि कारखाना यांच्यात भांडण होतंच. त्यांच्या संसदेनं १९९९ ला शुल्क पुन्हा वाढवलं ते कारखानदार आणि कामगारांच्या बाजूनं, शेतकऱ्याच्या नव्हे. पण निदान ते भांडण त्यांच्या घरात आलं. नंतर नामपुलाकडे छोटे कारखाने परत उभे राहिले, आणि गंमत बघा, मोठी यंत्रं सोडून आपल्यासारखी हातानं फोडायची पद्धत घेऊन. तेही मदतीच्याच पैशानं.

आता बाबल. तुम्हाला टाळत होतो, खोटं कशाला बोलू. आयात शुल्क वाढलं तर डिसेंबर ते मार्च माझं युनिट बंद, चौदा बाया घरी. नाही वाढलं तर तुमचा दर पडतो. मोझांबिकमध्ये जी भानगड बँकेनं केली ती आपल्याकडे आपण दोघं मिळून करतोय. यंदा एवढं करू शकतो: तुमची बी दलालाला न घालता थेट माझ्याकडे आणा. आउटटर्न काढू, म्हणजे नमुन्याची बी कापून ८० किलोला गर किती पौंड निघतो ते बघू, आणि त्यावर दर. आफ्रिकेच्या बियेला मी हेच बघून पैसे देतो, गावठीला मात्र नुसतं हातात घेऊन 'बारीक आहे' म्हणतो. ही माझी चूक.

बांद्याचो बाबल

येतंय. पन नमुन्याची बी पोत्याच्या तळातसून मी काडतलंय, तुमी न्हय. आनि कात्री चलतली ती माज्या समोर.

काजूगर

चालेल. सोमवारी नको, त्या दिवशी बॉयलर बंद असतो. मंगळवारी सकाळी या.